परदेशातील पर्माकल्चरचा अभ्यास : काय पाहावे, काय आणावे?

अमेरिकेतील मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग हे १९०९ साली चीन, कोरिया व जपान या देशांच्या प्रवासास निघाले. शेकडो वर्षे तीच जमीन पिकविणारे तेथील शेतकरी तिचा कस कसा राखतात, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. कालव्यातील गाळ, सोनखत, राख व काडीकचरा पुन्हा शेतात कसा जातो, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहून टिपून ठेवले. त्यांचा ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. पुढे याच दिशेने विचार करून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन यांनी शेतरचनेचे एक शास्त्र मांडले. ‘कायम’ व ‘शेती’ या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द जोडून त्यास ‘पर्माकल्चर’ हे नाव देण्यात आले. त्यांचा पहिला ग्रंथ १९७८ साली निघाला. आज या विषयाचा किमान ७२ तासांचा अभ्यासक्रम अनेक देशांत शिकविला जातो. तो घेण्यासाठी परदेशी जाणाऱ्या होतकरू शेतकऱ्याने पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

रचनेची पद्धती

या शास्त्रात घर हे केंद्र मानून जमिनीचे पट्टे पाडतात. जेथे दिवसातून अनेकदा जावे लागते तेथे भाजीपाला व कोंबड्या, त्यापलीकडे फळझाडे, नंतर मुख्य पिके, मग चराई व लाकूडफाटा, आणि सर्वांत दूर निसर्गाच्या स्वाधीन केलेला भाग, अशी ही मांडणी असते. ऊन, वारा, पूर व वणवा कोणत्या दिशेने येतात, याचाही नकाशा काढतात. पाण्याचा वेग कमी करावा, ते पसरवावे व जिरवावे, हे तिचे मुख्य सूत्र होय.

नकाशा जसाच्या तसा का लागू पडत नाही

टास्मानिया दक्षिण गोलार्धात असल्याने तेथे दुपारचा सूर्य सदैव उत्तरेकडे असतो. थंडीपासून बचावासाठी घराच्या खिडक्या व उबेची पिके उत्तरेस ठेवतात. महाराष्ट्रात रब्बीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि वैशाखात तर उबेपेक्षा सावलीचीच गरज अधिक भासते.

पावसाचेही तसेच आहे. होबार्ट येथे वर्षाकाठी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूरकडील पावसाची बेरीज याहून फारशी निराळी नाही. परंतु होबार्टचा पाऊस बाराही महिन्यांत विभागलेला असतो, तर सोलापूरचा बहुतेक पाऊस जून ते ऑक्टोबर या काळात, व तोही पुष्कळदा मोजक्या सरींत पडतो. म्हणून तेथील चराचे माप येथे चालत नाही. भारी काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते. तोंड बंद असलेल्या समपातळी चरात ते साचून राहिल्यास तुरीसारख्या पिकाची मुळे कुजतात, अथवा बांध फुटून माती वाहून जाते. अशा जमिनीस ढाळीचे बांध व पक्का सांडवा हवा. हलक्या, मुरमाड उतारावर मात्र समपातळी चर उपयुक्त ठरतात.

तिसरा फरक वस्तीचा आहे. ऑस्ट्रेलियातील शेतकऱ्याचे घर बहुधा शेतातच असते. आपल्याकडे घर गावठाणात व जमीन दोन-तीन तुकड्यांत असते. तेव्हा पहिला पट्टा परसात किंवा विहिरीजवळ धरावा लागतो.

बरोबर काय आणावे

शिकून आणण्याजोगी गोष्ट म्हणजे मोजण्याची सवय. उदाहरणार्थ, समपातळी काढण्याची ए-आकाराची चौकट. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वरच्या टोकाशी बांधून मध्ये आडवी पट्टी ठोकावी व शेंड्यापासून ओळंबा सोडावा. दोन्ही पाय ठेवलेल्या जागी खुंट्या ठोकाव्यात आणि दोरी पट्टीवर जेथे येते तेथे खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांचा मध्य हा पातळीचा बिंदू समजावा. या साधनास खर्च जवळजवळ नाही.

बियाणे, कलमे वा माती मात्र परवान्यावाचून आणू नये. भारतात २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. गाजर गवत परदेशातूनच आले आणि आज ते गावोगावच्या पडीक रानात माजले आहे. ऑस्ट्रेलियात उतरतानाही बियाणे, फळे व बुटांना लागलेली माती यांची माहिती तेथील अधिकाऱ्यांस द्यावी लागते. तसेच पर्यटनाच्या व्हिसावर शेतात काम करता येईल, असे गृहीत धरू नये. त्याचे नियम निघण्यापूर्वीच विचारून घ्यावेत.

निघण्यापूर्वी व परतल्यावर

आपल्या शेताचा उतार, मातीची खोली, विहिरीची पातळी व पावसाच्या नोंदी लिहून सोबत न्याव्यात. तेथील प्रत्येक रचनेपुढे ‘हे येथे कशामुळे चालते?’ असा प्रश्न विचारावा व उत्तर आपल्या नोंदींशी ताडून पाहावे. परत आल्यावर प्रथम एक-दोन गुंठ्यांतच प्रयोग करावा, एक संपूर्ण पावसाळा त्याचे निरीक्षण करावे आणि मगच विस्तार करावा. घरच्या जमिनीवर साऱ्या कुटुंबाचा चरितार्थ अवलंबून असतो. तिच्यावर परक्या मुलखाचा आराखडा एकाच हंगामात उतरविणे धोक्याचे आहे. किंग यांनी प्रवासात जसे डोळे उघडे ठेवले, तसेच अभ्यासकाने तेथे व परतल्यावर आपल्या बांधावरही ठेवावेत.