अंगावरून पांढरं जातंय? अंदाजानं औषध नको

अंगावरून पांढरं जातंय, ही तक्रार बायका सगळ्यात शेवटी सांगतात. कंबर दुखते, भूक नाही, झोप नाही हे सांगून होतं, आणि मग खुर्चीवरून उठता उठता खालच्या आवाजात हे येतं. तोवर बहुतेकींचे घरगुती उपाय करून झालेले असतात. मेडिकलमधून ट्यूब आणलेली असते, जावेच्या उरलेल्या गोळ्या घेतलेल्या असतात, तुरटीच्या पाण्यानं धुऊन झालेलं असतं. पण या एका तक्रारीमागे निदान तीन वेगवेगळे आजार असू शकतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून आजचं हे लेखन.

त्याआधी, जो आजारच नाही त्याबद्दल. योनीमार्गात ओलावा असायलाच हवा. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जिवाणू राहतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लतेमुळे इतर जंतूंना फोफावता येत नाही. बीज सुटण्याच्या दिवसांत हा स्राव पातळ, पारदर्शक, तार येणारा असतो. पाळी जवळ आली की तो घट्ट आणि पांढरा होतो. गरोदरपणात वाढतो. वयात येणाऱ्या मुलींना पहिल्या पाळीच्या आधी काही महिने जातो, त्यानं आईनं घाबरून जाऊ नये. खाज नाही, आग नाही, घाण वास नाही, तर औषधाची गरज नाही. यामुळे हाडं झिजतात, अंगातली ताकद जाते, हे खरं नाही. थकवा येत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. आपल्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि थकव्याचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं.

आता खरे आजार. खाज असह्य असेल, जागा लाल होऊन सुजली असेल, लघवी लागताच बाहेरून झोंबत असेल आणि स्राव दह्यासारखा घट्ट, गुठळ्यांचा पण फारसा वास नसलेला असेल, तर बहुधा कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा संसर्ग असतो. चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तो होतो. घसादुखीसाठी किंवा तापासाठी अँटिबायोटिक घेतल्यावर, गरोदरपणात आणि मधुमेह आटोक्यात नसताना तो हमखास डोकं वर काढतो. क्लोट्रिमॅझोलची योनीमार्गात ठेवायची गोळी किंवा फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची तोंडानं घ्यायची एक गोळी, एवढ्यावर साधा संसर्ग बरा होतो. गरोदर असाल तर मात्र तोंडानं घ्यायची गोळी नको, आत ठेवायचंच औषध घ्यायचं. वर्षात तीन किंवा जास्त वेळा हा त्रास झाला तर रक्तातली साखर तपासलीच पाहिजे. मधुमेह असल्याचं अशा खाजेच्या निमित्तानं पहिल्यांदा कळलेल्या बायका कमी नाहीत.

इथे एक धोक्याची सूचना. खाजेवर दुकानातून मिळणाऱ्या अनेक मलमांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. लावल्या लावल्या बरं वाटतं, खाज थांबते, पण खाली बुरशी वाढतच राहते आणि नाजूक त्वचा पातळ होत जाते. महिनोन्महिने असं मलम लावून आलेल्या स्त्रीला बरं करायला खूप वेळ लागतो. चिठ्ठीशिवाय अशी ट्यूब घेऊ नका.

दुसरा आजार बॅक्टेरियल व्हजायनोसिस. यात खाज फारशी नसते. पातळ, करडट पांढरा स्राव आणि मासळीसारखा वास ही त्याची खूण. पाळीच्या दिवसांत आणि संबंधानंतर हा वास वाढतो. उपकारक जिवाणू कमी होऊन दुसरे जिवाणू माजल्यामुळे हे होतं, अस्वच्छतेमुळे नाही. किंबहुना वास जावा म्हणून आतून जंतुनाशकानं किंवा साबणानं धुणाऱ्या बाईचे उरलेसुरले चांगले जिवाणूही वाहून जातात आणि त्रास आणखी वाढतो. यावर बुरशीचं औषध शून्य काम करतं. मेट्रोनिडॅझोल सात दिवस घ्यावं लागतं, आणि वास गेला तरी मधेच बंद करायचं नाही. हा आजार वारंवार उलटतो. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कायमच्या जोडीदारालाही उपचार दिले, तेव्हा बारा आठवड्यांत आजार उलटण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं. म्हणून पुन्हा पुन्हा होत असेल तर नवऱ्याच्या उपचाराबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

तिसरा ट्रायकोमोनास, हा एकपेशीय परजीवी. पिवळसर हिरवट, कधी फेसाळ, दुर्गंधी असलेला स्राव, सोबत खाज आणि जळजळ. हा शरीरसंबंधातूनच पसरतो. पुरुषाला बहुधा काहीच त्रास जाणवत नाही, त्यामुळे ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून तो औषध घेत नाही आणि बायकोला पुन्हा लागण होते. दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे आणि ते संपेपर्यंत संबंध टाळायचे. त्रास नसतानाही हा जंतू बराच काळ शरीरात राहू शकतो. तेव्हा आजार निघाला म्हणून घरात एकमेकांवर संशय घेऊ नका.

वरची लक्षणं वाचून स्वतःचं निदान करता येईल असं वाटेल, पण दोन संसर्ग एकत्रही असतात. तपासणी साधी असते. डॉक्टर नजरेनं पाहतात, स्राव घेऊन त्याची आम्लता कागदाच्या पट्टीनं आणि जंतू सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम. पाळी चालू असताना जाऊ नका आणि आधीचे दोन दिवस आत कुठलंही औषध ठेवू नका. अविवाहित मुलींची उपकरण न घालताही तपासणी होते. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत, तिथे हे उपचार मोफत होतात. आत ठेवायची गोळी रात्री झोपताना, हात स्वच्छ धुऊन, खोलवर ठेवायची. ती गिळायची नाही. हे सांगायचं राहून जातं आणि मग गोळ्या पोटात जातात.

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तपासणीविना राहिलेल्या आजाराचं पुढे काय होतं ते बीड जिल्ह्यानं दाखवलं. ऊसतोड कामगार स्त्रियांसाठी नेमलेल्या समितीच्या २०१९ सालच्या पाहणीत सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांच्यातल्या कितीतरी जणी पांढरं जाणं, पोटदुखी अशाच तक्रारी घेऊन गेल्या होत्या आणि कॅन्सरच्या भीतीनं शस्त्रक्रियेला तयार झाल्या होत्या. वरचे तिन्ही संसर्ग गोळ्यांनी बरे होतात. त्यांच्यासाठी पिशवी काढायची नसते. ‘पिशवीला जखम आहे, काढून टाका’ असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

मात्र काही लक्षणं दिसली तर एक दिवसही थांबू नका. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, संबंधानंतर रक्त जाणं, रक्तमिश्रित दुर्गंधी स्राव. यात गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे का ते पाहावंच लागतं. ओटीपोटात कळा आणि ताप असेल तर संसर्ग वर चढल्याची शक्यता असते. गरोदर स्त्रीचा दुर्गंधी स्राव आणि लहान मुलीला होणारा कुठलाही स्राव लगेच दाखवा.

घरी एवढं पाळा. बाहेरून साध्या पाण्यानं धुवा, आत काहीही घालू नका. शौचानंतर पुढून मागे पुसा. सुती आतले कपडे वापरा आणि ते दुसऱ्या कपड्यांखाली लपवून न वाळवता उन्हात टाका, पावसाळ्यात नीट कोरडे झाल्याशिवाय घालू नका. आणि खाज किंवा वास असेल तर या पाळीनंतरच्या आठवड्यातच जाऊन तपासून घ्या, जमल्यास नवऱ्याला सोबत घेऊन.