गिम्पमध्ये 'सेव्ह' आणि 'एक्सपोर्ट' वेगळं का?



प्रमाणपत्रं, शब्दकार्डं, तक्ते बनवायला आपल्यातले काही जण गिम्प वापरतात. मोफत आहे, लायसन्सची कटकट नाही. पण सुरुवातीलाच एक तक्रार येते, "सेव्ह करायला गेलं की जेपीजी घेतच नाही!"

२०१२ साली गिम्प २.८ आलं, तेव्हापासून हे असंच आहे. सेव्ह केलं की फक्त एक्ससीएफ फाईल बनते. जेपीजी किंवा पीएनजी हवी असेल तर फाईल मेनूत जाऊन एक्सपोर्ट करायचं.

समजा, धावण्याच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र बनवलं. त्यात किनार, शाळेचं बोधचिन्ह आणि मुलीचं नाव असे वेगवेगळे थर, म्हणजे लेयर असतात. एक्ससीएफमध्ये ते सुटे राहतात. जेपीजी केलं की सगळे दाबून एकच चित्र होतं आणि नाव हे नाव राहत नाही, ती नुसती अक्षरांची आकृती होते. आता 'ऋतुजा'चं 'रुतुजा' छापलं गेलं आणि आईने ते दाखवून दिलं, तर एक्ससीएफ असेल तिथे दोन मिनिटांचं काम. नुसती जेपीजी असेल तर नाव खोडा, मागचा रंग जुळवा, नाहीतर सगळं पहिल्यापासून करा. मग घाईत "असू दे" म्हटलं जातं, आणि पोरीच्या घरी भिंतीवर चुकीचं नाव लागतं.

शिवाय जेपीजी पुन्हा पुन्हा उघडून साठवली की दर वेळी थोडा तपशील जातो, अक्षरांच्या कडा मळकट दिसतात. पीएनजीमध्ये तसं होत नाही, पारदर्शक भागही टिकतो. थर मात्र त्यातही जातात.

म्हणून ही विभागणी मला पटते. फोटोशॉपनेही २०२१ मध्ये जेपीजीसाठी वेगळी 'सेव्ह अ कॉपी' आज्ञा दिली. लोक वैतागले, तेव्हा जुनी पद्धत परत आणायची सोयही सेटिंगमध्ये ठेवली.

वैतागणाऱ्यांचंही अगदीच चूक नाही हं. सहलीचा एक फोटो नुसता कापायचा, त्यासाठी एवढा व्याप कशाला? उघडलेल्या जेपीजीवरच बदल लिहायला गिम्पमध्ये 'ओव्हरराइट' आहे, पण नवख्याला ते सापडत नाही. बंद करताना "बदल साठवले नाहीत" असं विचारतं, ते वाचून घाबरायलाच होतं. सॉफ्टवेअरने तिथे सरळ सांगावं: तुमचं चित्र तयार आहे, फक्त सुटे थर ठेवायचे का?

एक्ससीएफ दुसऱ्या संगणकावर नेताना मराठी फॉन्टही सोबत न्या. तो तिथे नसेल तर फाईल उघडते, पण नाव बदलायला गेलं की अक्षरांचं वळण बदलतं.