मोरीच्या पाण्याला कोण निस्तरतं?

ताई, धुण्याचं पाणी शोषखड्ड्यात गेलं की पुढं साबणाचं काय होतं? मातीतले जिवाणू तो खातात. सगळंच मात्र त्यांना पचत नाही. 1950 च्या सुमारास युरोप-अमेरिकेत धुण्याच्या पावडरीत फांद्या फुटलेल्या साखळीचं रसायन असायचं. जिवाणूंना ते तुटेना. नद्यांवर फेसाचे ढीग साचले. 1960 नंतर कंपन्यांनी साखळी सरळ केली, मग जिवाणू ती टोकाकडून कुरतडू लागले. आपल्या पावडरीत बहुधा हेच रसायन असतं.

पण या कामाला हवा लागते. उमरग्याकडच्या काळ्या मातीत पाणी आधीच सावकाश जिरतं. त्यात खड्डा तुंबला की हवा बंद, काम बंद, वर डास. म्हणून मोरीच्या तोंडाला जाळी लावा. शाम्पूच्या पुड्या, केस, खरकटं तिथंच अडवा. 2016 साली जपानच्या साकाई शहरात बाटलीचं प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडल्याचं जाहीर झालं खरं, पण पातळ पापुद्र्यालाही त्याला दीड महिना लागला. आपल्या खड्ड्यात त्याची वाट बघू नका!

आणि शौचालयात बाटलीभर ॲसिड? फरशी चकाकते, खाली खड्ड्यातले जिवाणू मरतात. ब्रश आणि थोडी पावडर पुरते.