ओंडक्याची होडी : कोण किती भिजणार?



ओंडक्याच्या आकाराची होडी उंचावरून पाण्यात धपकन येते, ती 'लॉग फ्लूम' राइड मुलांनी व्हिडिओत तरी पाहिलेली असते. पूर्वी अमेरिकेत डोंगरात तोडलेली लाकडं पाण्याच्या पाटातून खाली सोडत. त्यावरूनच १९६३ मध्ये टेक्सासच्या सिक्स फ्लॅग्ज पार्कात ही राइड सुरू झाली.

भिजणं कशावर ठरतं?

१) उंची : उतार जितका उंच, तितका खाली वेग जास्त.
२) वजन : भरलेली होडी खोल बुडते, जास्त पाणी बाजूला सारते.
३) जागा : होडीचं टोक पाण्यात आधी शिरतं, म्हणून पुढचा बहुधा जास्त भिजतो.

गेल्या वर्षी मी हे फळ्यावर लिहून दिलं. मुलांनी उतरवून घेतलं आणि विसरली! यंदा पाण्याची परात, पुठ्ठ्याचा उतार, साबणाची डबी आणि खडे घेतले. परातीभोवती वर्तमानपत्र अंथरलं. आधी प्रत्येकाचा अंदाज वहीत, मग प्रयोग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, भिजलेला कागद पट्टीने मोजायचा. ज्यांचा अंदाज चुकला, तीच मुलं "बाई, परत करू या!" म्हणाली.

घरीही करून बघा. फक्त उत्तर आधी सांगू नका!