पातळही आणि कडूही, असं कसं?

प्रश्न : माझं माहेर सोलापूरचं, सासर हुबळीचं, आता आम्ही पुण्यात असतो. सासूबाई मुक्कामाला आल्या की घरी खरी फिल्टर कॉफी होते, दाट आणि गोडसर. त्या गेल्या की त्याच फिल्टरमध्ये, त्याच डब्यातल्या पावडरीची मी केलेली कॉफी पातळ होते आणि वर कडूही लागते. कडू लागते म्हणून पावडर कमी करून पाहिली, तर आणखीच बिघडली. पातळ म्हणजे कॉफी कमी पडली. मग कडवटपणा येतो कुठून? – एक वाचक, पुणे

उत्तर : कडू लागली की पावडर कमी करायची, हे बहुतेक घरांत होतं आणि बिघाड नेमका तिथेच सुरू होतो. दाटपणा आणि कडवटपणा या कॉफीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेल्यातल्या पाण्यात एकूण किती कॉफी उतरली, यावर दाटपणा ठरतो. पावडरीच्या एकेका कणातून पाण्याने किती काढून घेतलं, यावर कडवटपणा ठरतो. म्हणून एकाच पेल्यात कमी कॉफी आणि जास्त कडवटपणा सुखाने नांदू शकतात.

भाजून दळलेल्या कॉफीतला जेमतेम ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, बाकीचा चोथा. पण हे ३० टक्के सगळेच पेल्यात यावेत असे नसतात. गरम पाणी पडलं की आधी सहज सुटणारे घटक येतात : आंबटसर चव देणारी आम्लं, पाठोपाठ गोडसर आणि सुगंधी पदार्थ. कडू आणि तुरट घटकांचा बराचसा भाग उशिरा सुटतो. अमेरिकेत १९५०च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट या शास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलं. पावडरीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला तर चव जुळते, हा त्या कामातून आलेला आडाखा कॉफीच्या धंद्यात आजही वापरतात. त्याहून कमी उतरला तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते, जास्त उतरला तर कडू आणि घशाला कोरडी.

आता तुमच्या फिल्टरकडे येऊ. तुम्ही पावडर कमी केलीत, पण पाणी बहुधा तेवढंच ठेवलंत. समजा ८ ग्रॅम पावडरीवर २०० मिलिलिटर पाणी ओतलं. पावडर आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे खाली १८० मिलिलिटरच्या आसपास येईल. एवढं पाणी एवढ्याशा पावडरीतून जाताना तिला पार पिळून काढतं. चोवीस टक्के जरी उतरलं, तरी १८० मिलिलिटरमध्ये २ ग्रॅमसुद्धा कॉफी नाही. पातळ आणि कडू, दोन्ही एकदम! याउलट २० ग्रॅम पावडरीवर १२० मिलिलिटर पाणी ओतलं तर खाली ८० मिलिलिटर येईल. त्यात १८ टक्के उतरलं, तर साडेतीन ग्रॅमहून जास्त कॉफी त्या ८० मिलिलिटरमध्ये असेल. म्हणजे चौपट दाट, आणि कणाकणातून निघालेलं मात्र कमी. हा हिशेब शुद्ध कॉफीचा आहे. चिकोरी मिसळलेल्या पावडरीतून याहून जास्त उतरतं, पण दिशा तीच राहते.

सासूबाई नेमकं हेच करत असणार. दक्षिणेतल्या जुन्या घरांत पहिल्या पाण्याचं डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरच्या खालच्या भांड्यात उतरलेला अर्क, वेगळं ठेवतात; पाहुण्याला आणि सकाळच्या कॉफीला तेच. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून काढलेलं दुसरं डिकॉक्शन दुपारच्या कॉफीत किंवा जास्त दुधात खपवतात. तुम्ही पहिलं आणि दुसरं पाणी एकाच वेळी ओतत आहात, एवढाच तुमच्या आणि त्यांच्या कॉफीतला फरक असू शकतो.

म्हणून पावडर वाढवा आणि पाणी कमी करा. दोन मोठ्या किंवा तीन लहान पेल्यांसाठी २० ग्रॅम पावडर. घरात छोटा वजनकाटा असेल तर उत्तम. नसेल तर पोह्याचे शिगोशीग तीन चमचे त्याच्या जवळपास जातात. पावडर वरच्या भांड्यात घालून भांडं हलकेच आपटायचं, म्हणजे थर सपाट बसतो. दांडीची चकती वर नुसती टेकवायची. दाबून बसवली तर पाण्याला सगळीकडून सारखी वाट मिळत नाही. ते एखाद्या फटीतून पळतं, तिथली पावडर जास्त पिळली जाते आणि बाकीची जवळजवळ कोरडी राहते. आधी दोन-तीन चमचे गरम पाणी घालून अर्धा मिनिट थांबायचं. भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड तेवढ्यात निघून जातो, पावडर फुगते आणि पुढचं पाणी एकसारखं झिरपतं. ताज्या पावडरीवर बुडबुडे स्पष्ट दिसतात. शिळी पावडर गपचूप भिजते. ती ओळखायची याहून सोपी खूण मला माहीत नाही.

पाणी ९० ते ९६ अंशांच्या दरम्यान असावं असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. तो आकडा कागदी गाळणी आणि काचेची भांडी धरून आहे. आपला स्टीलचा फिल्टर थंड असला तर पाण्याची उष्णता लगेच ओढून घेतो. त्यामुळे फिल्टर आधी गरम पाण्याने विसळून घ्यावा आणि उकळी थांबली की लगेच पाणी ओतावं. झाकण लावून वीस मिनिटं ते अर्धा तास त्याच्याकडे पाहू नये. पाच मिनिटांतच सगळं खाली आलं तर पावडर जाड आहे. तासाभराने निम्मंही आलं नाही तर ती फार बारीक आहे, किंवा तळाची भोकं बुजली आहेत. बुजलेली भोकं सुईने मोकळी करता येतात. जुन्या बायका कोरडा फिल्टर गॅसच्या आचेवर धरून आत अडकलेली पूड जाळून टाकतात, तोही उपाय चालतो.

दळण हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. फिल्टरसाठी पावडर बारीक रव्यासारखी हवी. घरच्या मिक्सरमध्ये दाणे दळले की काही भागाचं पीठ होतं आणि काही भाग कणीच राहतो. पीठ क्षणात सगळा कडवटपणा सोडतं आणि कणी आतून कोरीच राहते, म्हणून एकाच घोटात कडू आणि आंबट दोन्ही लागतं. मिक्सरच वापरायचा असेल तर थोडे थोडे दाणे घ्या, सलग न फिरवता झटके द्या आणि चाळणीतून काढा. फिरत्या पात्यांऐवजी दोन दगडी किंवा पोलादी चकत्यांमध्ये दाणे चिरडणारी हाताची चक्की घेतलीत तर मात्र चवीतला फरक पहिल्या दिवशी कळेल. कॉफीवर पैसे खर्च करायचेच असतील तर महागड्या यंत्राआधी ते या चक्कीवर करावेत, असं माझं ठाम मत आहे.

पुढची गोष्ट दुधाची. डिकॉक्शन कधीही पुन्हा उकळू नका. उकळताना सुगंध वाफेबरोबर जातो आणि जास्त वेळ गरम राहिलेल्या कॉफीत आम्लं सुटून एक आंबूस कडवटपणा येतो. हॉटेलात सकाळी केलेली कॉफी संध्याकाळपर्यंत शेगडीवर ठेवली की येतो, तोच. दूध तेवढं कडकडीत तापवा आणि डिकॉक्शन त्यात घाला. एक भाग डिकॉक्शनला अडीच ते तीन भाग दूध, यापासून सुरुवात करून पुढे आपल्या जिभेप्रमाणे बदला. दुधातली प्रथिनं कॉफीतल्या तुरट घटकांना बांधून ठेवतात, म्हणून दुधाच्या कॉफीला जरा गडद भाजलेला दाणाही खपून जातो. काळी प्यायची असेल तर मध्यम भाजणीचा घ्या.

आणि कडवटपणाचा दोष कॅफिनला देऊ नका. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या थॉमस होफमान यांच्या चमूने २००७ मध्ये दाखवलं की कॉफीच्या कडवटपणात कॅफिनचा वाटा फक्त १५ टक्क्यांच्या आसपास आहे. बाकीचा कडवटपणा भाजणीत तयार होतो. दाण्यातल्या क्लोरोजेनिक आम्लांपासून आधी एक सौम्य कडू गट बनतो आणि भाजणी गडद होत गेली की त्यातूनच दुसरा, जास्त रेंगाळणारा आणि खरखरीत कडू गट तयार होतो. काळ्याकुट्ट, तेल सुटलेल्या दाण्यांची कॉफी कितीही काळजीने केली तरी घशाशी राहते, ती यामुळे.

शेवटचा संशय पाण्यावर. आरओच्या यंत्रातून क्षार जवळजवळ पूर्ण निघून गेलेलं पाणी कॉफीला मानवत नाही. चव बोचरी आणि पोकळ येते, कारण दाण्यातले घटक नीट उतरायला थोडं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं. बोअरच्या जड पाण्यात उलट होतं. त्यातले बायकार्बोनेट आम्लं मारून टाकतात आणि कॉफी मातकट, सपाट लागते. जगातल्या स्पेशालिटी कॉफीवाल्यांच्या संघटनेने पाण्यात लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास क्षार असावेत, असं प्रमाण धरलं आहे. तुमच्याकडे नळाचं पाणी साधं, गोडं असेल तर आरओच्या पाण्याची गरज नाही. तेच गाळून घ्या. दोन्ही टोकांचं असेल तर निम्मं-निम्मं मिसळून पाहा.

प्रश्न : पाकिटावर ‘कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के’ असं छापलेलं असतं. ही उघड उघड भेसळ नाही का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. न सांगता मिसळली तर भेसळ, छापून मिसळली तर मिश्रण. आपल्याकडच्या नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर द्यावं लागतं. चिकोरी हे एका झाडाचं मूळ आहे. गुजरातेत जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशात एटा भागात त्याची शेती होते. मूळ वाळवून भाजलं की त्यातलं इन्युलिन करपून गोडसर, गडद रंगाचं होतं. त्यात कॅफिन नसतं. नेपोलियनने १८०६ मध्ये ब्रिटिश मालाची नाकेबंदी केली, युरोपात कॉफी मिळेनाशी झाली, तेव्हा फ्रान्समध्ये चिकोरी घराघरांत गेली.

चिकोरीचा बराच मोठा भाग पाण्यात विरघळतो, त्यामुळे डिकॉक्शन दाट आणि काळं दिसतं आणि भरपूर दुधातही टिकून राहतं. वीस टक्क्यांपर्यंत ती कॉफीला आधार देते, असं मला वाटतं. त्यापुढे कॉफीचा वास मागे पडू लागतो आणि चाळीसच्या पुढे तुम्ही मुख्यतः मूळच पीत असता. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आसपास समोर दळून देणारी दुकानं आहेत, तिथे हवं ते प्रमाण सांगता येतं. फलकावर ‘प्लँटेशन’ दिसलं तर ती धुऊन वाळवलेली अरेबिका. ‘पार्चमेंट’ म्हणजे तशीच धुतलेली रोबस्टा. ‘चेरी’ म्हणजे फळासकट उन्हात वाळवलेली. फळात दोनऐवजी एकच गोल दाणा भरला तर ती ‘पीबेरी’. अरेबिकाला वास आणि नाजूक आंबटपणा असतो. रोबस्टात कॅफिन जवळपास दुप्पट, फेस चांगला आणि चव जाड. दुधाच्या कॉफीला तीन भाग प्लँटेशनमध्ये एक भाग रोबस्टा मिसळून घ्या आणि पहिल्यांदा चिकोरीशिवाय पिऊन पाहा. मग दहा टक्के घालून. आपल्याला काय आवडतं ते दोन पाकिटांत कळतं.

एका वेळी १०० किंवा २०० ग्रॅमच घ्या. दळलेल्या कॉफीचा वास काही दिवसांतच उडू लागतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओट्यापासून लांब, अंधाऱ्या फडताळात ठेवा. रोज उघडायचा डबा फ्रिजमध्ये नको. बाहेर काढला की आत दमट हवा शिरते आणि लसणाच्या चटणीचा वासही.

प्रश्न : आमच्याकडे कॉफी म्हटली की जायफळ हवंच. कॉफीतले जाणकार याला नाक मुरडतात. जायफळाने चव खरंच मारली जाते का? – एक वाचक, सातारा

उत्तर : जास्त घातलं तर मारली जाते, नाहीतर नाही. मराठी घरातली कॉफी मुळात दुधाची आहे, आणि जायफळातलं सुगंधी तेल दुधातल्या स्निग्धात छान उतरतं. येमेनकडे आणि अरबस्तानात कॉफीत वेलदोडा घालतात. कॉफी जिथून जगभर गेली तिथलीच ही रीत आहे, तेव्हा मसाल्याची लाज बाळगायचं कारण नाही. फक्त जायफळ दुधाबरोबर उकळू नका. खूप उकळलं की ते औषधी आणि कडवट होतं. दूध उतरवल्यावर किसणीवर दोनदा फिरवलेलं जायफळ दोन पेल्यांना पुरतं. अख्खं जायफळ ठेवा, आयती पूड नको. फिल्टरमध्ये पावडरीबरोबर जायफळाची पूड घालण्याचा मोह टाळा. ती भोकांत जाऊन बसते आणि पुढच्या चार कॉफ्यांना तिचा वास राहतो. आणि जायफळाची कॉफी करताना डिकॉक्शन नेहमीपेक्षा थोडं जास्त घ्या, म्हणजे कॉफी मसाल्याखाली दबत नाही.