कॅमेऱ्याचा नेम आणि धंद्याची पत

लग्नसराई म्हणजे कापड दुकानदार आणि फोटोग्राफर दोघांच्याही कमाईचे दिवस. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कोणतीही बाजारपेठ घ्या, शालू व ओढणी आता ग्राहकाला आधी मोबाईलवर दाखवावी लागते. म्हणून आम्हा कापडवाल्यांनाही फोटोची पारख आली. एक तक्रार वारंवार कानी येते : कॅमेरा चांगला, लेन्स महाग, तरी नवरीचा डोळा धूसर आणि कानातले झुमके स्वच्छ. मग लेन्स मातीमोल भावाने विकली जाते. पुष्कळदा लेन्समध्ये दोष नसतो, फक्त नेम चुकलेला असतो.

याचे कारण समजून घ्यावे. आरशाच्या म्हणजे डीएसएलआर कॅमेऱ्यात फोटो मुख्य सेन्सरवर उमटतो, पण फोकस ठरवणारा सेन्सर वेगळा असतो. आरशातून थोडा प्रकाश त्याच्याकडे जातो. दोन्ही वाटांत केसभर फरक पडला की फोकस पुढे किंवा मागे सरकतो. प्रत्येक लेन्सचा फरक निराळा, म्हणून एक लेन्स बरोबर चालते आणि दुसरी चुकते. ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर उघडून २ मीटरवरून फोटो काढला, तर छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात जेमतेम ४ सेंटीमीटर जाडीचा पट्टा स्वच्छ येतो. तेथे अंगुळभर चूकही लपत नाही.

तपासणी अशी करावी. कॅमेरा तिपाईवर बसवावा. छापील कागद भिंतीवर सरळ लावून कॅमेरा त्याच्या समोरासमोर ठेवावा. शेजारी मीटरपट्टी तिरकी ठेवावी व तिचा मध्य कागदाच्या रेषेत आणावा. अंतर लेन्सच्या सुमारे पन्नासपट असावे, म्हणजे ५० मिलिमीटरला अडीच मीटर. झरोका पूर्ण उघडा, कंपन-रोधक बंद, फोकसचा बिंदू फक्त मधला आणि शटर टायमरवर. दरवेळी फोकस बिघडवून पुन्हा घ्यावा व आठ-दहा फोटो काढावेत. एका फोटोवर निर्णय करू नये.

नंतर लाइव्ह व्ह्यूवर तसेच फोटो काढावेत. तेथे फोकस मुख्य सेन्सरच ठरवतो. ते स्वच्छ आणि आधीचे धूसर, तर नेमाचा दोष. दोन्ही धूसर, तर लेन्स कारागिराला दाखवावी.

दुरुस्ती मेनूतच असते. निकॉनच्या डी७०००, डी७५० मध्ये ‘एएफ फाइन ट्यून’ आणि कॅननच्या ७डी, ५डी मार्क ३ मध्ये ‘एएफ मायक्रोअॅडजस्टमेंट’, दोन्हींत उणे २० ते अधिक २०. फोकस पुढे पडत असेल तर अधिक, मागे पडत असेल तर उणे. पाच-पाच अंकांनी सरकावे आणि प्रत्येक लेन्सचा आकडा वहीत लिहावा. कॅनन ६०डी किंवा निकॉन डी५६०० मध्ये ही सोय नाही, त्यामुळे जुना कॅमेरा घेताना हे आधी पाहावे. मिररलेस कॅमेऱ्यात फोकस मुख्य सेन्सरवरच ठरतो, म्हणून त्याला सहसा हा खटाटोप लागत नाही.

हे तत्त्व आपल्या तालुक्याला नवे नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. आकाशातल्या, आधीच नीट ठाऊक असलेल्या स्रोतावर त्या वळवून प्रत्येकीचा फरक मोजतात, मगच अनोळखी वस्तूचे माप धरतात.

आमच्या मीटरपट्टीवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. लेन्सला असा शिक्का कोणी मारून देत नाही, तो तपास ज्याचा त्यानेच करायचा. सराईपूर्वी एक दुपार त्यासाठी काढावी. कापड बदलून देता येते, निकाहचा किंवा सप्तपदीचा क्षण पुन्हा आणता येत नाही. तो फोटोग्राफरच्या हाती दिलेली अमानत आहे.