दहा गुंठे घरासाठी



या पानावर आपण नेहमी लागण, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, खोडव्याची निगा असे उसाचेच विषय घेतो. या वेळचा पाठ ऊस लावणाऱ्याच्या घराचा आहे. शेवटी तो फिरून उसावरच येतो, म्हणून नीट वाचावा. शक्य तर रात्री जेवणं झाल्यावर घरात मोठ्याने वाचून दाखवावा, कारण यातला निम्मा कारभार घरातल्या मालकिणीच्या हातचा आहे.

पैसा एकदा, बाजार बावन्न वेळा

आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात उभा असतो, पूर्वहंगामी १४ ते १५ महिने आणि सुरू १२ महिने. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवे. ते अगदी वेळेवर मिळाले, तरी वर्ष-दीड वर्षाचा पैसा एकदाच हाती येतो. घराचा बाजार मात्र दर आठवड्याला भरतो. वर्षात बावन्न बाजार! या दोन्हींचा मेळ बसत नाही, तिथेच आपल्या घराला गळती लागते.

ही गळती कशी भरतो आपण? दुकानदाराची उधारी, हातउसने, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सोसायटीतून उसासाठी उचललेल्या पीककर्जातून. खताचा पैसा किराणात गेला की उसाचा दुसरा हप्ता लांबतो. भरणीच्या वेळी हात आखडतो. मग टनेज घटले की आपण बेण्याला नाहीतर पावसाला दोष देतो. उसाचे खत आपल्याच चुलीत गेलेले असते, हे ध्यानात येत नाही.

उपाय फार मोठा नाही. उसाच्या क्षेत्रातले १० गुंठे बाजूला काढून घराच्या नावे करायचे. ही कल्पना काही आजची नाही. कोल्हापूरकडचे ‘प्रयोग परिवार’वाले श्री. अ. दाभोळकर यांनी दहा गुंठ्यांत कुटुंब कसे उभे राहू शकते, याची मांडणी अनेक वर्षे केली. आपण ती आपल्या बागायती रानाला लावून बघू.

आधी हिशेब

“साहेब, दहा गुंठे उसातून काढायचे म्हणजे दहा टन ऊस गेला की!” असे सभासद म्हणतात. बरोबर आहे. म्हणून आधी आकडे मांडू. हे आकडे उदाहरणाचे आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत.

एकरी ४० टन उतारा धरला तर १० गुंठ्यांत १० टन. तोडणी-वाहतूक वजा जाऊन टनाला २,८०० रुपये हाती आले असे समजू. झाले २८,०००. मशागत, बेणे, खत, पाणी, भरणी याला निम्मे गेले तर राहिले १४,०००. ऊस १४ महिन्यांचा असेल तर वर्षाला पडले १२,००० रुपये.

आता दुसरी बाजू. भाजी, डाळ, अंडी, फळे यांना आठवड्याला ५०० रुपये लागतात असे धरू. वर्षाला २६,०००. सगळेच घरी पिकणार नाही. दोन हिस्से पिकले तरी १७,००० च्या वर बाजार वाचतो. बी-बियाणे, पिल्ले, किरकोळ खर्च ३,००० वजा करा. उरले १४,०००.

म्हणजे फरक जेमतेम २,००० रुपयांचा. एवढ्यासाठी कशाला खटाटोप? तर इथेच खरी गोष्ट आहे. उसाचे १२,००० वर्षाच्या शेवटी येतात. घरच्या रानाचे १४,००० दर आठवड्याला येतात, तेही मधे कुणी न पडता. हातउसने १०,००० रुपये शेकडा तीन दराने घेतले, तर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० रुपये व्याज होते. बाजारासाठी ती उचल करावी लागली नाही, तर ते व्याजही वाचले. शिवाय पीककर्ज उसाच्याच मुळाशी पडले.

दहा गुंठ्यांची वाटणी

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. पाच माणसांचे कुटुंब आणि एक म्हैस, एक गाय धरून अशी वाटणी करावी :

गोठा, खताचा हौद, कोंबड्यांचे खुराडे : १ गुंठा
भाजीपाला : २ गुंठे
कडधान्य व भुईमूग : ३ गुंठे
चारा : ३ गुंठे
फळझाडे : १ गुंठा

भाजीपाला. माणशी रोज निदान ४०० ग्रॅम भाजी व फळे पोटात जावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच माणसांना झाले रोजचे २ किलो. सगळे रान एकदम पेरायचे नाही, ही यातली किल्ली. एकदम पेरले तर आठ दिवस मेथीच मेथी आणि पुढे महिनाभर काही नाही. दोन गुंठ्यांचे आठ वाफे पाडावेत आणि दर पंधरवड्याला एक वाफा पेरावा. मेथी महिन्यात निघते, पालक एकदा पेरला की दोन-तीनदा कापता येतो, भेंडी-गवार दीड-दोन महिन्यांत सुरू होते. वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपे एका कोपऱ्यात टाकावीत. दोडका, कारले, घेवडा कुंपणावर चढवावा, त्याला वेगळी जागा लागत नाही.

कडधान्य. माणशी रोज ५० ग्रॅम डाळ धरली तर पाच माणसांना वर्षाला ९० किलो लागते. पाणी व निगा चांगली असेल तर तीन गुंठ्यांत खरिपाचा मूग ३० किलोपर्यंत आणि त्याच रानात रब्बीचा हरभरा ६० किलोपर्यंत येऊ शकतो. बांधाला तूर लावली तर ती वरकड. उन्हाळ्यात पाणी पुरत असेल तर हरभऱ्यानंतर भुईमूग घ्यावा. शिवाय ही सगळी द्विदल पिके आहेत. जमिनीला नत्र देऊन जातात.

चारा. संकरित नेपियर, म्हणजे यशवंत किंवा जयवंत गवत, एकदा लावले की दोन-तीन वर्षे कापता येते. मोठ्या जनावराला रोज २० ते २५ किलो हिरवा चारा लागतो. तीन गुंठ्यांत दोन जनावरांचा सगळा चारा भागणार नाही, पण हंगामात वाढे आणि एरवी कडबा जोडीला असतोच. एक सूचना. नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नये. वाढ्यातल्या ऑक्झॅलेटमुळे जनावराच्या अंगचा चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी होतो. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि बरोबर दुसरा चारा द्यावा.

फळझाडे. दोन शेवगे, एक कागदी लिंबू, एक पेरू, चार-पाच पपया, एक कढीपत्ता. मोरीचे पाणी जिथे जाते तिथे केळीचे चार-पाच कंद आणि अळू. नाहीतरी ते पाणी डासच पोसते.

वाया जाते ते घरातच फिरवा

एकरी तीन-चार टन पाचट निघते आणि अजूनही काहीजण त्याला काडी लावतात. खोडव्यात ते सरीत आच्छादावे हे तर आहेच. खोडवा ठेवायचा नसेल तर ते हौदात घालावे. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाने ओळखला जाणारा नाडेप हौद १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असतो. विटांच्या भिंतीत हवेसाठी भोके ठेवायची. काडीकचरा, शेणकाला आणि माती असे थर भरून वरून लिंपले की साधारण चार महिन्यांत खत तयार. शेण थोडे लागते, ही त्यातली सोय.

एक म्हैस, एक गाय मिळून रोज २५ किलोच्या आसपास शेण निघते. त्यातून साधारण १ घनमीटर गोबरगॅस मिळतो. महिन्याचा हिशेब केला तर जवळजवळ एका सिलिंडरची जागा तो भरून काढतो. थंडीत थोडा कमी येतो. बाहेर पडणारी मळी भाजीच्या वाफ्याला सोडावी. शेणाच्या गोवऱ्या थापून जाळल्या की खतही गेले आणि बाईच्या डोळ्यांत धूर राहिला.

चार गोष्टी सांभाळा

पहिली : उसात २,४-डी तणनाशक मारताना वारा भाजीकडे असेल तर त्या दिवशी मारू नये. टोमॅटो, घेवडा, वेलभाज्या या फवाऱ्याने लगेच आकसतात. तणनाशकाचा पंप भाजीला वापरू नये, वेगळा ठेवावा. घरच्या भाजीवर कीटकनाशक मारावेच लागले, तर डब्यावर लिहिलेले दिवस संपल्याशिवाय तोडणी करू नये.

दुसरी : सगळे दूध डेअरीला घालून पोरांना काळा चहा पाजायचा, ही काटकसर नव्हे. आधी घरातल्या लहान मुलांचे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईचे दूध बाजूला काढावे, मग किटली डेअरीवर न्यावी. अंड्यांचेही तसेच. गावरान कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते. दहा कोंबड्यांत घरातल्या पोरांची सोय होते.

तिसरी : दहा गुंठे म्हणजे बाईच्या डोक्यावर आणखी एक भारा, असे होऊ देऊ नका. स्वयंपाक, धारा, पोरं, वर उसातली खुरपणी, एवढे ती आधीच ओढते. वाफे पाडणे, पाणी धरणे, चारा कापणे, हौद भरणे हे गड्यामाणसांनी करावे. काय पेरायचे आणि किती विकायचे, हे मात्र तिने ठरवावे. जास्तीची भाजी विकून आलेले पैसे तिच्याच हाती राहावेत. ते बहुधा घरातच मुरतात, हे आपण सगळेच जाणतो.

चौथी : बिल आले की त्याच दिवशी तीन वाटे करावेत. पहिला सोसायटीचा, दुसरा पुढच्या पिकाचा, तिसरा घराचा. घराच्या वाट्याचे बारा भाग करून बँकेत ठेवावेत आणि महिन्याला एकच काढावा. लग्न, गाडी, देवकार्य जे करायचे ते तिसऱ्या वाट्यातूनच. दुसऱ्या वाट्याला हात लावला की उधारी पुन्हा दारात आलीच.

रान कमी असेल तर

ज्याला एकच एकर आहे त्याने ५ गुंठे काढावेत, चारा कमी करून भाजी व डाळ ठेवावी. तेही जमत नसेल तर उसातच आंतरपीक घ्यावे. पूर्वहंगामी व सुरू लागणीत कांदा, लसूण, मेथी, कोथिंबीर, कोबी, हरभरा चांगला येतो. आडसालीत भुईमूग, सोयाबीन, चवळी घेता येते. पट्टा पद्धतीने जोडओळ लागण असेल तर मधल्या रिकाम्या पट्ट्यात आणखी सोपे. मात्र आंतरपिकाला त्याचे स्वतःचे खत द्यावे आणि मोठ्या भरणीच्या आधी ते रानाबाहेर पडले पाहिजे.

आता घरचा अभ्यास. उद्यापासून एक वही घाला. डाव्या पानावर बाजारातून काय आले आणि किती रुपयांचे, ते लिहा. उजव्या पानावर त्यातले आपल्या रानात काय पिकले असते, ते लिहा. चार बाजार झाले की दोन्ही पाने घरात सगळ्यांपुढे ठेवा. उजवे पान भरलेले दिसले, तर पुढच्या लागणीची सरी सोडताना दहा गुंठे मोकळे ठेवा. वही घेऊन गट ऑफिसला या. वाफ्यांची आखणी आपण बसून करू.

आपला,
ऊस विकास अधिकारी